मुलाचा गुन्हा, बापाचं घर: घरमालकाची कायदेशीर जबाबदारी किती आणि कधी काय करायचं

घर तुमच्या नावावर आहे. त्या घरात मुलानं, भावानं किंवा पुतण्यानं गुन्हा केला, तर तुम्हीही आरोपी होता का? नुसत्या मालकीमुळे होत नाही. फौजदारी जबाबदारी ज्याची त्याची असते, आणि बापाच्या नावाचा उतारा हा मुलाच्या गुन्ह्यात बापाचा हात असल्याचा पुरावा होत नाही. पण पोलिसांचे आणि कोर्टाचे पुढचे दोन प्रश्न ठरलेले असतात: तुम्हाला माहीत होतं का, आणि माहीत झाल्यावर तुम्ही काय केलं? सगळं प्रकरण या दोन प्रश्नांवर उभं राहतं. त्यातल्या दुसऱ्याचं उत्तर बऱ्याच अंशी तुमच्या हातात असतं, म्हणून हा लेख.

सोलापुरात हा विषय जास्त बोचतो, कारण आपल्याकडं एका छताखाली बरीच माणसं राहतात. पूर्व भागात खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाड, मागं टॉवेलच्या गाठी ठेवायची खोली. तीन भाऊ, एक मीटर, एकच दार. पेठांतल्या जुन्या वाड्यांत चुलत्यांच्या खोल्या एकमेकींत उघडतात. जुळे सोलापुरातला नवा फ्लॅट अनेकदा आईच्या किंवा बायकोच्या नावावर असतो, कारण १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात महिलेच्या नावानं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. सवलत जरूर घ्यावी. पण घरात काही सापडलं की पहिली विचारणाही त्याच बाईकडं होते, आणि तिला तर वरच्या खोलीत कोण येतं-जातं हेही पुष्कळदा कुणी सांगितलेलं नसतं.

कलमांबद्दल आधी एक गोष्ट. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. पुढं त्यांना न्याय संहिता आणि सुरक्षा संहिता म्हटलं आहे. गुन्हा त्या तारखेच्या आधीचा असेल तर त्याला जुन्या दंड संहितेची कलमं लागतात.

आधी कागद काढा: तुमचं नाव कुठं कुठं आहे?

काही झालेलं नसतानाच हे करून ठेवा. एका वहीत लिहा: सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक आणि महापालिकेचा कर उतारा कोणाच्या नावावर, महावितरणचं मीटर कोणाचं, इंटरनेटचं कनेक्शन कोणाचं, घरातली सिमकार्डं कोणाच्या आधारवर घेतलेली, गाड्यांची आरसी कोणाची, आणि बँक खात्यांची एटीएम कार्डं प्रत्यक्षात कोणाच्या खिशात आहेत.

मीटरपासून सुरुवात करू. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ मध्ये एक गृहीतक आहे: वीज चोरण्याची कृत्रिम सोय सापडली, की उलट सिद्ध होईपर्यंत ती चोरी त्या ग्राहकानंच लबाडीनं केली असं धरलं जातं. ग्राहक म्हणजे ज्याच्या नावावर मीटर तो. पोरानं मागच्या शेडमध्ये माग चालवायला मीटरमध्ये फेरफार केली, तरी भरारी पथकाचा कागद तुमच्या नावानं निघणार. शिक्षा ३ वर्षांपर्यंत जाऊ शकते. कलम १५२ खाली तडजोडीची रक्कम भरून फौजदारी कारवाई मिटवता येते, पण ही संधी एकदाच मिळते. त्यामुळं शेड वेगळा चालत असेल, तर तिथलं मीटर ज्याचा धंदा त्याच्या नावावर करून घ्या. माझ्या मते घरमालकानं करायचं हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम आहे.

गाडीचं कलम त्याहून कडक आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. गाडी तुमच्या संमतीनंच दिली होती असं कोर्ट धरून चालतं. आपल्याला माहीत नव्हतं, किंवा गाडी हाती लागू नये म्हणून सगळी काळजी घेतली होती, हे तुम्ही सिद्ध करायचं. दहावीतल्या पोराला क्लासला जायला दुचाकी देणाऱ्या प्रत्येक घरानं हे कलम एकदा नीट वाचावं.

बँक खातं आणि इंटरनेट ही नवी भानगड. ‘आईचं खातं रिकामंच आहे, मित्राचे पैसे दोन दिवस येऊन जातील’ असं म्हणून पोरं कार्ड नेतात, आणि त्या खात्यातून सायबर फसवणुकीचे पैसे फिरतात. खातं गोठतं ते आईचं. कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातल्या ठाण्याची नोटीस येते तीही आईला. खात्यात अनोळखी रक्कम दिसली की त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. ती रक्कम काढू नका आणि कोणी सांगितलं म्हणून परस्पर परतही पाठवू नका.

‘माहीत होतं का?’ याचा कायद्यातला अर्थ

घरच्या माणसाच्या गुन्ह्यात तुम्ही ओढले जाता ते चार-पाच वाटांनी. न्याय संहितेचं कलम ३(५) म्हणजे समान इराद्यानं मिळून केलेला गुन्हा. कलम ४५ म्हणजे चिथावणी, कटात सामील होणं किंवा जाणूनबुजून मदत. कलम ३१७ म्हणजे चोरीचा माल माहीत असून, किंवा तसं वाटायला पुरेसं कारण असून ठेवून घेणं; शिक्षा ३ वर्षांपर्यंत. हे ‘पुरेसं कारण’ नीट लक्षात घ्या. बेरोजगार पोरगा महिन्यात तीन महागडे फोन घरी आणतो आणि तुम्ही एकदाही विचारत नाही, तर ‘मला कुणी सांगितलं नाही’ हा बचाव फार टिकत नाही.

उरलेली दोन कलमं आई-वडिलांसाठी सगळ्यात धोक्याची आहेत, कारण त्यात माणूस मायेपोटी अडकतो. कलम २४९: गुन्हेगाराला शिक्षेपासून वाचवण्यासाठी लपवणं. मूळ गुन्हा फाशीच्या शिक्षेचा असेल तर लपवणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत, जन्मठेपेचा किंवा १० वर्षांपर्यंतच्या कैदेचा असेल तर ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या कलमातून सूट फक्त नवरा-बायकोला आहे. बायकोनं नवऱ्याला घरात लपवलं तर हे कलम लागत नाही. आईनं मुलाला लपवलं तर लागतं. कलम २३८: पुरावा नाहीसा करणं किंवा गुन्हेगाराला वाचवण्यासाठी खोटी माहिती देणं. इथं नवरा-बायकोलाही सूट नाही. रक्ताचा शर्ट धुवून टाकणारी, फोन फोडून ओढ्यात फेकणारी किंवा ‘तो रात्रभर घरीच होता’ असं खोटं सांगणारी बायको या कलमात येते, आणि आईही येते.

मग नुसतं गप्प बसलं तर? प्रत्येक गुन्ह्याची खबर देणं सक्तीचं नाही. पण सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये खून, दरोडा, जबरी चोरी, खोट्या नोटा, दहशतवादी कृत्य अशा गंभीर गुन्ह्यांची यादी आहे. त्यांची माहिती असणाऱ्यानं, किंवा कोणी ते करणार आहे हे कळलेल्यानं, ताबडतोब कळवलं पाहिजे. न कळवण्याला सबळ कारण होतं, तर ते त्यानंच सिद्ध करायचं. बंधन असून मुद्दाम खबर दडवली तर न्याय संहितेच्या कलम २३९ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत कायदा कोणालाच मोकळं सोडत नाही. पॉक्सो कायदा २०१२, कलम १९: ज्याला असा गुन्हा झाल्याची माहिती आहे किंवा होण्याची भीती वाटते, त्यानं पोलिसांना कळवायलाच हवं. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ‘घरातली गोष्ट घरात मिटवू’ म्हणत चुलत्याला दुसऱ्या गावी पाठवून देणारे आजोबा स्वतः आरोपी होऊ शकतात. चांगल्या हेतूनं खबर देणाऱ्यावर मात्र काही दायित्व येत नाही, आणि मुलीचा जबाब शक्यतो महिला अधिकारी, गणवेश न घालता, मुलीच्या घरी किंवा तिला बरं वाटेल अशा जागी घेते. १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर फोन करा. इथं मला दुसरी बाजू दिसत नाही.

आणखी एक बाब. भर वस्तीत, चार भिंतींच्या आत, रात्री खून झाला आणि घरात तेव्हा तुम्ही होता, तर काय घडलं हे सांगण्याची जबाबदारी घरात असलेल्यांवर येते. त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र सरकार या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं आहे. सरकार पक्षानं आधी आपला पाया उभा करायचा असतोच. पण त्यानंतर घरातल्यांचं मौन किंवा खोटं स्पष्टीकरण त्यांच्याच विरोधात जातं.

घराच्या वापरावरच बोट ठेवणारे कायदे

काही कायद्यांत ‘घर वापरू दिलं’ हाच वेगळा गुन्हा आहे. त्यात पहिला नंबर अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याचा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. त्याचं कलम २५ सांगतं: घर, खोली किंवा गाडी ज्याच्या मालकीची, ताब्यातली किंवा वापरातली आहे, त्यानं ती या कायद्याखालच्या गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू दिली, तर मूळ गुन्ह्याची जी शिक्षा तीच त्याला. गांजाचं उदाहरण घ्या. १ किलोपर्यंत अल्प प्रमाण, २० किलोच्या वर व्यापारी प्रमाण. व्यापारी प्रमाणाला किमान १० वर्षं, कमाल २० वर्षं कैद आणि किमान १ लाख रुपये दंड. माळ्यावर पुतण्यानं पोती ठेवली आणि तुम्ही ‘असू दे, उद्या नेतो म्हणालाय’ म्हणालात, तर हेच आकडे तुम्हालाही लागू होतात.

या कायद्यात कलम ३५ आरोपीचं मन दोषी असल्याचं गृहीत धरतं, आणि ते खोडून काढायचं ते वाजवी शंकेच्या पलीकडं. अर्थात माल तुमच्या ताब्यात होता किंवा जागा तुम्ही वापरू दिली, हे सरकार पक्षानं आधी दाखवायचं असतं. म्हणूनच इथं ‘मला माहीत नव्हतं’ नुसतं तोंडानं म्हणून भागत नाही. खोली वेगळी, किल्ली वेगळी, येण्या-जाण्याचा जिना वेगळा, हे दाखवता यायला हवं.

हत्यारांचं कलम कमी लोकांना ठाऊक आहे. शस्त्र कायदा १९५९, कलम ३५: सामाईक ताब्यातल्या जागेत बेकायदा हत्यार सापडलं, तर ज्या ज्या राहणाऱ्याला ते तिथं असल्याचं माहीत होतं असं मानायला कारण आहे, तो प्रत्येक जण एकट्यानं गुन्हा केल्यासारखा जबाबदार, उलट सिद्ध होईपर्यंत. गावठी कट्टा देवघरामागं आहे हे घरभर माहीत असेल, तर अख्खं घर अडकतं.

मटक्याचं आणि जुगाराचं तसंच. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा, पण जिवंत आहे. जाणूनबुजून जागा वापरू देणारा मालक किंवा भोगवटादार कलम ४ मध्ये येतो. वॉरंटावर झालेल्या झडतीत जुगाराचं साहित्य सापडलं की तो अड्डाच होता असं मानलं जाऊ शकतं. हातभट्टीला महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ लागतो. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘ऑपरेशन परिवर्तन’नं मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टीतल्या कुटुंबांना दुसऱ्या कामधंद्याकडं वळवलं. घरातला कोणी या धंद्यात असेल तर पोलिसांकडं जाण्याचा अर्थ दर वेळी बेड्याच असतो असं नाही, हे त्यातून दिसलं.

संशय आला त्या दिवशी

पहिली गोष्ट: वस्तूला हात लावू नका. संडासात ओतणं, जाळणं, मेहुण्याकडं ठेवायला देणं, यातलं काहीही नको. हात लावला की ताबा तुमचा, फेकलं की पुरावा नष्ट केल्याचं कलम.

दुसरी गोष्ट: कोण कुठल्या खोलीत राहतो, किल्ली कोणाकडं असते, कधीपासून, आणि तुम्हाला संशय कधी व कशावरून आला, हे तारखेसह लिहून ठेवा. मग वकिलाला भेटा. शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, कारण ‘कळल्यावर तुम्ही काय केलं’ याची मोजणी त्या तासापासून सुरू होते.

मुलगा स्वतः नशा करत असेल आणि विकत नसेल, तर एनडीपीएसचं कलम ६४ अ वाचा. अल्प प्रमाणाच्या प्रकरणात व्यसनी माणूस स्वेच्छेनं सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेत असेल, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. सिव्हिल हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आहे, १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय फोन आहे. पोराला वाचवायचा खरा रस्ता हा आहे, आणि घर वाचवायचाही. उपचाराचा केसपेपर जपून ठेवा.

पोलिसांना सांगायचं ठरलं तर शहरात सात ठाणी आहेत: फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, विजापूर नाका, जोडभावी पेठ, एमआयडीसी आणि सलगर वस्ती. शहर पोलीस आयुक्तांकडं, ग्रामीण भाग पोलीस अधीक्षकांकडं. हद्दीचा वाद घालून कोणी परत पाठवू शकत नाही. सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते आणि प्रत फुकट द्यावी लागते. घेतलीच नाही तर लेखी तक्रार टपालानं वरिष्ठांना, आणि तिथंही दाद नाही तर दंडाधिकाऱ्यांकडं. जिवाला धोका असेल तर ११२.

पोलीस दारात उभे राहिले की

दार अडवू नका, आरडाओरडा करू नका. वॉरंट आहे का ते विचारा. नसलं तरी तपास अधिकारी सुरक्षा संहितेच्या कलम १८५ खाली कारणं लेखी नोंदवून झडती घेऊ शकतो. एनडीपीएसमध्ये रात्री विनावॉरंट घरात शिरायचं तर वेगळी कारणं लिहावी लागतात. परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच हवेत. सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नं झडती आणि जप्तीचं दृक्‌-श्राव्य चित्रीकरण बंधनकारक केलं आहे. झडती चालू असताना हजर राहायचा तुम्हाला हक्क आहे. तुम्ही प्रत्येक खोलीत त्यांच्याबरोबर जा.

आता पंचनाम्याकडं बघा. समजा मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात पिशवी सापडली. पंचनाम्यात ‘राहत्या घरात मिळून आली’ एवढंच लिहिलं गेलं, तर ती पिशवी घरातल्या सगळ्यांची होते. ‘घराच्या पश्चिमेकडील खोलीत, कुलूपबंद कपाटात, ज्याची किल्ली अमुक याने आपल्या खिशातून काढून दिली’ असं लिहिलं, तर ती एकाची होते. त्या खणात कोणाचं आधारकार्ड होतं, खुंटीला कोणाचे कपडे होते, कोणाचा फोन चार्जिंगला लावलेला होता, याही नोंदी तितक्याच मोलाच्या. म्हणून शांतपणे, पंचांना ऐकू येईल असं म्हणा: ‘साहेब, ही खोली धाकट्याची आहे, किल्ली त्याच्याकडंच असते, तेवढं पंचनाम्यात घ्या.’ कॅमेरा चालू असतो, तुमचं बोलणं त्यात जातं. तरी लिहिलं नाही तर तिथं भांडू नका. त्याच दिवशी हीच हकिकत अर्जात लिहून पोलीस उपायुक्त किंवा अधीक्षक आणि संबंधित कोर्टाला रजिस्टर पोस्टानं पाठवा. सहा महिन्यांनी केलेल्या त्याच अर्जाला निम्मीही किंमत उरत नाही.

जप्त मालाच्या यादीची प्रत मागून घ्या. कोऱ्या कागदावर कोणीही सही करायची नाही, अंगठा द्यायचा नाही.

नोटीस आली: कलमाचा आकडा आधी वाचा

नोटिशीवर सुरक्षा संहितेचं कलम १७९ असेल तर तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. या कलमात ६० वर्षांवरचा पुरुष, १५ वर्षांखालचा मुलगा, कोणतीही महिला, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना घर सोडून ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी घरी येऊन विचारायचं. नोटिशीवर ३५(३) असेल तर तुम्ही संशयित आहात. तिथं ठरल्या वेळी हजर राहा, वकिलाला विचारून. हजर राहत गेलात तर अटक करायला पोलिसांना वेगळी कारणं नोंदवावी लागतात. ३ वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस ६० वर्षांवरचा किंवा दुर्बल असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक नाही.

जबाबात खरं तेच सांगा. स्वतःला गुन्ह्यात अडकवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर न देण्याचा हक्क संविधानाच्या कलम २०(३) नं दिला आहे. तपासातल्या जबाबावर सही करायची नसते, सुरक्षा संहितेचं कलम १८१ तसं स्पष्ट म्हणतं. आणि मुलगा फरार आहे म्हणून बापाला, आईला किंवा बहिणीला ठाण्यात ‘बसवून ठेवणं’ पूर्णपणे बेकायदा आहे. अटक असेल तर कारण सांगा, नातेवाइकाला कळवा, २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढं उभं करा. अटक नसेल तर सोडा. कोणी बसवून ठेवलं तर वकिलामार्फत लगेच कोर्टात आणि आयुक्तालयात अर्ज द्या.

अटकेची भीती खरी असेल तर सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली जिल्हा व सत्र न्यायालयात अटकपूर्व जामीन मागता येतो. गुन्ह्यात तुमचं नाव काहीही भूमिका नसताना घातलं असेल, तर कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात. त्यासाठी आता मुंबई गाठायची गरज नाही: १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे.

सुनेला त्रास होत असेल तर

मुलगा सुनेला मारतो आणि घर सासऱ्याचं आहे. न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये नवरा आणि त्याचे नातेवाईक दोघंही येतात, ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर या प्रकारच्या गुन्ह्यात सरसकट अटक होत नाही, आणि ठोस भूमिका न दाखवता सगळ्या घरादारावर केलेले मोघम आरोप सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा रद्द केले आहेत. पण घर वाचेलच असं नाही. सतीशचंद्र आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या १५ ऑक्टोबर २०२० च्या निकालानं सांगितलं की, सून जिथं संसार करते ते सासऱ्याच्या मालकीचं घरही ‘सामाईक घर’ ठरू शकतं आणि तिला तिथं राहायचा हक्क मिळू शकतो. तिला रस्त्यावर काढायचा विचारही करू नका.

सासू-सासऱ्यांनी करायची योग्य गोष्ट सरळ आहे: मारहाण होताना मधे पडा, तिला दवाखान्यात न्या, आणि गरज पडली तर स्वतः १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ वर फोन करा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ नुसार संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही कळवू शकतं, सासूसुद्धा. सुनेच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या सासूला आरोपी करणं कोणालाही अवघड जातं. आणि तसंही, ती तुमच्या घरची लेक आहे.

जाहीर नोटीस देऊन सुटका होते का?

‘माझा मुलगा अमुक याचा माझ्याशी संबंध नाही, त्याच्या व्यवहाराला मी जबाबदार नाही’ अशी जाहीर नोटीस पेपरात देण्याची आपल्याकडं पद्धत आहे. तिचा उपयोग एवढाच की तुम्ही अमुक तारखेला नापसंती जाहीर केली होती हे दिसतं. नोटीस दिली आणि मुलगा त्याच घरात त्याच खोलीत राहतो आहे, तर ती उलट तुमच्या अंगावर येते: म्हणजे तुम्हाला माहीत होतं! वडिलोपार्जित मिळकतीतला त्याचा हिस्साही अशा नोटिशीनं जात नाही.

खरोखर बाहेर काढायचं असेल तर घर तुमचं स्वकष्टार्जित आहे का हे आधी पाहा. तुम्ही ६० च्या वर असाल तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ खाली प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणात अर्ज करा. तुमच्या सुरक्षिततेसाठी गरज असेल तर मुलाला घराबाहेर काढण्याचा आदेश तिथं होऊ शकतो, पण तो आपोआप मिळत नाही, आणि सून-नातवंडं घरात असतील तर त्यांच्या हक्काचाही विचार होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या एस. वनिता निकालानं तो तोल घालून दिला आहे. माहितीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. हा कायदा लागू होत नसेल तर वकिलाची नोटीस देऊन दिवाणी कोर्ट. कुलूप बदलून सामान रस्त्यावर फेकणं हा मार्ग नाही.

घर जप्त होईल? पाडतील?

आरोपी फरार घोषित झाला तर सुरक्षा संहितेच्या कलम ८५ खाली त्याची मिळकत जप्त होते, तुमची नाही. चुकून तुमची धरली तर जप्तीपासून ६ महिन्यांच्या आत हरकत घ्या. गुन्ह्याच्या पैशातून घेतलेली मिळकत कलम १०७ खाली जप्त होऊ शकते, मग ती कोणाच्याही नावावर असो, आणि एनडीपीएसच्या मोठ्या प्रकरणांत नातेवाइकांच्या मिळकतीचाही हिशोब मागतात. म्हणून घराच्या पैशाचे कागद जपा: गृहकर्जाचे हप्ते, भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम, गाव सोडताना विकलेल्या रानाचं खरेदीखत.

पाडण्याबद्दल १३ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फार मोलाचा आहे. घरातला एक जण आरोपी आहे म्हणून कुटुंबाचं छप्पर काढता येणार नाही, असं न्यायालयानं ठणकावलं. बांधकाम बेकायदा असलं तरी किमान १५ दिवसांची नोटीस रजिस्टर पोस्टानं, घरावर चिकटवून, म्हणणं ऐकून मगच. रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्ग, नदी अशा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला मात्र हे संरक्षण नाही. गुंठेवारीतलं घर नियमित करून घ्यायचं राहिलं असेल तर ते काम आजच हाती घ्या, आणि महापालिकेची नोटीस आली तर पाकिटावरची तारीख जपून मुदतीत लेखी उत्तर द्या.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिला, बालकं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट न लावता तिथं मोफत वकील मिळतो. घर आईच्या नावावर असेल तर अर्ज तिच्याच नावानं करा. आधारकार्ड, नोटिशीची प्रत आणि ती तारखा लिहिलेली वही सोबत न्या; जायच्या आधी विचारायचं असेल तर १५१०० वर फोन लावा.